मोबाइल अ‍ॅपचा लेआउट का तुटतो? नेस्टिंगच्या चुकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरमधल्या परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नुकतेच रुजू झालेले, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे आणि सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानासाठी एकट्याने अ‍ॅप बांधणारे, सगळे जवळपास नेस्टिंगच्या, म्हणजे स्क्रीनवरचा एक भाग दुसऱ्याच्या आत ठेवण्याच्या, एररपाशी अडतात. उत्तरे मुख्यतः फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या अ‍ॅप बांधायच्या फ्रेमवर्कची आहेत. जिथे अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोझमध्ये किंवा त्याआधीच्या एक्सएमएल लेआउटमध्ये तोच घोळ होतो, तिथे त्यांचाही उल्लेख आहे. उदाहरणांसाठी दोन स्क्रीन धरल्या आहेत: कळमना बाजारातल्या संत्र्याच्या भावांची यादी आणि नागपूर मेट्रोच्या स्थानकांची यादी.

एकदम दहा-बारा एरर येतात. सुरुवात कुठून करू?

सर्वांत वरच्या एररपासून. कन्सोल आपोआप खाली सरकतो, त्यामुळे नजर शेवटच्या ओळीवर जाते, आणि तिथे बहुतेक वेळा ‘रेंडरबॉक्स वॉज नॉट लेड आउट’ असे काहीतरी असते. ते कारण नव्हे, परिणाम आहे. आतल्या एका डब्याचे माप ठरले नाही म्हणून त्याच्या बाहेरच्या प्रत्येक डब्याने तक्रार केलेली असते.

फ्लटर पहिला एरर सविस्तर छापतो आणि पुढचे ‘अनदर एक्सेप्शन वॉज थ्रोन’ अशा एकेका ओळीत आटोपतो. पहिल्या एररमध्ये ‘द रेलेव्हंट एरर-कॉझिंग विजेट वॉज’ या ओळीखाली विजेटचे (स्क्रीनवरच्या घटकाचे) नाव, फाइल आणि ओळ क्रमांक असतो. तिथे जा. पण फक्त त्या विजेटकडे पाहू नका, त्याचा पॅरेंट (ज्याच्या आत ते आहे ते विजेट) आणि त्या पॅरेंटचा पॅरेंटही पाहा. दोष बहुधा एक-दोन पायऱ्या वर सापडतो.

मूळ नियम एका दमात सांगता येईल का?

येईल. पॅरेंट चाइल्डला, म्हणजे आतल्या विजेटला, मर्यादा सांगतो: कमीत कमी एवढे, जास्तीत जास्त एवढे. चाइल्ड त्या मर्यादेत आपले माप ठरवून वर कळवतो. मग त्याला कुठे बसवायचे ते पॅरेंट ठरवतो. फ्लटर आणि कंपोझ दोन्ही असेच चालतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये मोजमाप योगा नावाचे इंजिन फ्लेक्सबॉक्सच्या नियमांनी करते, पण विचार करण्याची दिशा तीच.

एरर येतो तो ‘जास्तीत जास्त’च्या जागी अनंत आल्यावर. उभा स्क्रोल आपल्या चाइल्डला सांगतो, हवे तेवढे उंच हो. फ्लटरचा कॉलमही (भाग एकाखाली एक ठेवणारा) आपल्या साध्या, म्हणजे फ्लेक्स नसलेल्या, चाइल्डला उंचीची मर्यादा देत नाही. रो (भाग शेजारी शेजारी ठेवणारा) तेच रुंदीच्या बाबतीत करतो. आता आत असे विजेट ठेवले की जे म्हणते, ‘मिळेल तेवढी सगळी जागा मी घेतो,’ तर अनंतातले सगळे म्हणजे किती, हे कोणालाच ठरवता येत नाही. खालच्या निम्म्याअधिक प्रश्नांचे मूळ याच एका ठिकाणी आहे.

कॉलममध्ये लिस्टव्ह्यू ठेवला की ‘व्हर्टिकल व्ह्यूपोर्ट वॉज गिव्हन अनबाउंडेड हाइट’ का येते?

कॉलमने उंची मोकळी सोडली आणि लिस्टव्ह्यूला, म्हणजे सरकणाऱ्या यादीला, तर मिळेल तेवढी उंची हवी असते, म्हणून. उपाय चार आहेत आणि ते एकमेकांना पर्याय नाहीत. स्क्रीन कशी वागायला हवी त्यावर निवड करायची.

वर शीर्षक जागेवर राहावे आणि खाली फक्त यादी सरकावी, असे असेल तर लिस्टव्ह्यूला एक्स्पांडेडमध्ये गुंडाळा. कॉलम आधी बाकीच्यांची मापे घेतो आणि उरलेली उंची यादीला देतो. दहापैकी आठ वेळा हेच हवे असते.

यादीची उंची ठरलेलीच असेल, उदाहरणार्थ आजचे पाच भाव दाखवणारी आडवी पट्टी, तर साइझ्डबॉक्सने उंची द्या. आडव्या लिस्टव्ह्यूला उंची सांगावीच लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

शीर्षक, फोटो आणि यादी हे सगळे एकत्र सरकायला हवे असेल तर कस्टमस्क्रोलव्ह्यू वापरा; त्यातल्या प्रत्येक सरकत्या तुकड्याला स्लिव्हर म्हणतात. वरचे साधे भाग स्लिव्हर-टू-बॉक्स-अडॅप्टरमध्ये आणि यादी स्लिव्हरलिस्टमध्ये. लिहायला थोडे जास्त लागते, पण दिसणाऱ्या ओळीच तयार होतात.

चौथा उपाय श्रिंकरॅप. इंटरनेटवर सर्वांत आधी हाच सुचवला जातो, म्हणून त्याची किंमत नीट समजून घ्या. श्रिंकरॅप लावला की आपली एकूण उंची कळवण्यासाठी यादीला आपल्या ओळी मोजाव्या लागतात. स्क्रोलच्या आत, आतले स्क्रोलिंग बंद करून वापरला तर पाचशे भावांच्या यादीतल्या पाचशेही ओळी पहिल्याच फटक्यात तयार होतात आणि स्वस्त फोन अडखळतो. दहा-पंधरा ओळींसाठी हरकत नाही. यादी वाढणार असेल तर आजच स्लिव्हरकडे वळा. शिवाय नुसत्या कॉलममध्ये श्रिंकरॅप लावल्याने एरर गेला तरी, यादी स्क्रीनपेक्षा लांब झाली की खालून ओव्हरफ्लो होतोच.

कंपोझमध्ये व्हर्टिकल-स्क्रोल लावलेल्या कॉलममध्ये लेझीकॉलम (कंपोझची सरकणारी यादी) ठेवला की ‘इन्फिनिटी मॅक्सिमम हाइट कन्स्ट्रेंट्स’ म्हणून अ‍ॅप बंद पडते. तिथे बाहेरचा स्क्रोल काढा आणि वरचे भाग लेझीकॉलममध्येच स्वतंत्र आयटम म्हणून घाला.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये स्क्रोलव्ह्यूत फ्लॅटलिस्ट टाकली तर नुसता इशारा येतो, अ‍ॅप चालते. सोडून द्यावे का?

नको. ‘व्हर्च्युअलाइज्ड लिस्ट्स शुड नेव्हर बी नेस्टेड’ हा इशारा सांगतो की फ्लॅटलिस्टचा मुख्य फायदाच, म्हणजे दिसणाऱ्या ओळीच आखणे, गेला. बाहेरच्या स्क्रोलव्ह्यूमुळे यादीला आपल्याला किती खिडकी दिसते तेच कळत नाही. मग ती सगळ्या ओळी आखत सुटते, आणि शेवट गाठल्यावर पुढचे पान मागवायचे जे फंक्शन असते ते न सरकवताच पुन्हा पुन्हा चालू शकते. सर्व्हरवर विनाकारण मागण्या जातात.

स्क्रोलव्ह्यू काढून टाका. यादीच्या वरचा भाग लिस्ट-हेडर-कंपोनंटमध्ये आणि खालचा लिस्ट-फूटर-कंपोनंटमध्ये द्या. आडवी फ्लॅटलिस्ट उभ्या स्क्रोलव्ह्यूत चालते, कारण दिशा वेगळी.

एक सूचना: हेडर देताना जागेवरच अ‍ॅरो फंक्शन लिहू नका, तयार एलिमेंट द्या. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

शोधपट्टीत एक अक्षर टाइप केले की कीबोर्ड बंद होतो. का?

कारण त्या एका अक्षराने जुनी शोधपट्टी जाऊन नवी आली. एका कंपोनंटच्या (रिअ‍ॅक्टमधल्या स्क्रीनच्या घटकाच्या) आत दुसरा कंपोनंट घोषित केला की प्रत्येक रेंडरला आतल्याचे नवे फंक्शन जन्मते. रिअ‍ॅक्टच्या लेखी तो वेगळ्याच प्रकारचा कंपोनंट असतो. तो जुना उतरवतो, नवा चढवतो आणि फोकस, स्टेट, स्क्रोलची जागा सगळे जाते. हेडरला अ‍ॅरो फंक्शन दिल्यावर नेमके हेच होते.

आतला कंपोनंट फाइलच्या पातळीवर, बाहेर काढा आणि लागणारी मूल्ये प्रॉप्सने द्या. ‘की’ या ओळखचिन्हासाठी रँडम आकडा वापरला असेल तर तोही काढा, परिणाम तोच होतो. फ्लटरमध्ये याचे भावंड म्हणजे बिल्डमध्ये दिलेली युनिककी, किंवा बिल्डमध्येच बनवलेला टेक्स्ट-एडिटिंग-कंट्रोलर. कंट्रोलर इनिट-स्टेटमध्ये बनवा आणि डिस्पोजमध्ये सोडून द्या.

‘इनकरेक्ट यूज ऑफ पॅरेंटडेटाविजेट’ म्हणजे काय?

विजेट चुकीच्या घरात आहे. एक्स्पांडेड आणि फ्लेक्सिबल हे रो, कॉलम किंवा फ्लेक्सच्या खालीच हवेत. पोझिशन्ड हे स्टॅकच्या खाली. मध्ये तुमचे स्वतःचे स्टेटलेस किंवा स्टेटफुल विजेट असले तरी चालते, पण पॅडिंग, सेंटर, साइझ्डबॉक्स यांच्यासारखे स्वतः जागा मोजणारे विजेट मध्ये आले की साखळी तुटते. कंटेनर वरून निरुपद्रवी दिसतो, पण आत तो पॅडिंग आणि सजावटीचीच विजेट्स बांधतो, म्हणून तोही चालत नाही. क्रम उलटा करा: एक्स्पांडेड बाहेर, पॅडिंग त्याच्या आत.

फॉर्म स्क्रोल व्हायला हवा, पण बटण तळाशीच हवे. स्क्रोलमध्ये एक्स्पांडेड किंवा स्पेसर टाकला की एरर येतो.

येणारच. उरलेली जागा द्या म्हणणारा एक्स्पांडेड आणि अनंत उंची देणारा स्क्रोल एकत्र नांदत नाहीत. कस्टमस्क्रोलव्ह्यूमध्ये स्लिव्हर-फिल-रिमेनिंग घ्या, त्याचे हॅज-स्क्रोल-बॉडी फॉल्स करा आणि कॉलम त्यात ठेवा. आता स्पेसर चालतो: फॉर्म लहान असेल तर बटण तळाला जाते, मोठा असेल तर सगळे सरकते. लेआउटबिल्डर, कन्स्ट्रेन्डबॉक्स आणि इन्ट्रिन्सिकहाइट यांची जुनी जोडणीही हेच काम करते, पण इन्ट्रिन्सिकहाइट मोजणीचा एक जास्तीचा फेरा घालते.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये स्क्रोलव्ह्यूच्या कंटेंट-कंटेनर-स्टाइलला फ्लेक्स-ग्रो १ द्या. फ्लेक्स १ देऊ नका. त्याने आतला भाग स्क्रीनएवढाच अडकून पडतो आणि खालचे सरकवून दिसत नाही.

पिवळे-काळे पट्टे आणि ‘ओव्हरफ्लोड बाय १७ पिक्सेल्स’. फॉन्ट १६ चा १४ केला की जाते. बरोबर ना?

पट्टे त्या फोनवरून जातात, चूक तिथेच राहते. मेट्रोच्या यादीचेच गणित करा. ३६० डीपी (अँड्रॉइडचे स्क्रीन मोजण्याचे एकक) रुंद फोन, दोन्ही बाजूंना १६ चे पॅडिंग, उरले ३२८. डावीकडे २४ चा आयकॉन आणि ८ ची फट, उरले २९६. उजवीकडे भाड्यासाठी ९० धरले तर नावाला २०६ मिळतात. ‘खापरी’ आणि ‘अजनी चौक’ त्यात सहज बसतात, म्हणून चाचणीत काही दिसत नाही. ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ किंवा ‘झिरो माइल फ्रीडम पार्क’ आले की पट्टे उमटू शकतात. रो आपल्या साध्या चाइल्डला रुंदीची मर्यादा देत नाही, त्यामुळे टेक्स्टला दुसऱ्या ओळीवर जायचे कारणच दिसत नाही.

नावाच्या टेक्स्टला एक्स्पांडेड लावा. मग ठरवा: दोन ओळी चालतील, की एका ओळीत शेवटी तीन टिंबे हवीत. स्थानकाच्या नावाला आम्ही दोन ओळीच द्याव्यात असे म्हणू. अर्धे नाव वाचून गाडी धरणाऱ्याची गैरसोय होते. चिप्स किंवा टॅग असतील तर रोऐवजी रॅप घ्या. टेक्स्टफील्ड थेट रोमध्ये ठेवल्यावर येणारा ‘इनपुटडेकोरेटर’चा एररही याच जातीचा, उपायही तोच.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये पट्टे येत नाहीत, मजकूर गुपचूप शेजाऱ्याला ढकलतो. वेबवर फ्लेक्स-श्रिंक मुळात १ असतो, इथे ० असतो. नावाच्या भागाला फ्लेक्स-श्रिंक १ किंवा फ्लेक्स १ द्या.

रिलीज बिल्डमध्ये पट्टे दिसत नाहीत, म्हणून ‘रिलीजमध्ये ठीक आहे’ असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

‘टेक्स्ट स्ट्रिंग्ज मस्ट बी रेंडर्ड विदिन अ टेक्स्ट कंपोनंट’. पण माझा सगळा मजकूर टेक्स्टमध्येच आहे!

दिसणारा मजकूर असेल. न दिसणारा शोधा. पहिला संशयित && चे चिन्ह: ‘नगांची संख्या && बॅज’ असे लिहिले आणि संख्या ० आली, तर बॅज येत नाही, पण ते शून्यच व्ह्यूमध्ये मजकूर म्हणून उतरते. रिकामी स्ट्रिंगही असाच त्रास देऊ शकते. संख्या ० पेक्षा मोठी आहे का, अशी स्पष्ट तुलना लिहा किंवा ‘नाही तर नल’ असा पर्याय द्या. दुसरा संशयित, बंद टॅगनंतर चुकून राहिलेला अर्धविराम किंवा स्वल्पविराम. हा डोळ्यांना सापडत नाही. फॉरमॅटर चालवला की बहुधा स्वतंत्र ओळीवर येऊन उघडा पडतो.

एरर नाही, पण स्क्रीन कोरी आहे.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये फ्लेक्स १ ची साखळी तपासा. सर्वांत बाहेरच्या व्ह्यूपासून यादीपर्यंत मधल्या एखाद्या व्ह्यूने जरी उंची पुढे दिली नाही तरी त्याच्या आतल्यांची उंची शून्य होते. टक्क्यांत दिलेली उंचीही पॅरेंटची उंची ठरलेली असेल तरच चालते. प्रत्येक व्ह्यूला वेगळा भडक बॅकग्राउंड रंग द्या. जो रंग दिसत नाही, त्याच्या वर बघा. फ्लटरच्या रिलीज बिल्डमध्ये करडा चौकोन दिसला तर तो कोरेपणा नव्हे, तिथे बिल्डमध्ये एरर आला आहे. डीबगमध्ये तोच लाल दिसतो.

मराठी मजकुराच्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. इंग्रजीत सगळे नीट असते.

देवनागरी अक्षर शिरोरेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे पसरते. वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. इंग्रजीवर बसवलेली लाइन-हाइट त्याला अपुरी पडते. १६ च्या फॉन्टला २४ ची लाइन-हाइट, म्हणजे दीडपट, हा सुरक्षित आरंभ आहे. फ्लटरमध्ये टेक्स्टस्टाइलची हाइट १.० ठेवली असेल तर ती १.४ ते १.५ करा. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये अँड्रॉइडवर इन्क्लूड-फॉन्ट-पॅडिंग फॉल्स केलेले असेल तर आधी ते काढून बघा.

खरी अडचण ठरावीक उंचीच्या बटणांत होते. १६ चा फॉन्ट, वापरणाऱ्याने १.३ पट मोठा केला, म्हणजे २०.८. दीडपट लाइन-हाइटने ३१.२. वरखाली ८-८ चे पॅडिंग धरले की ४७ झाले, आणि बटण ४० वर बांधलेले. उंची बांधू नका. किमान उंची द्या आणि बाकीचे पॅडिंगवर सोडा.

आणखी दोन गोष्टी. लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषेत भेगा पडतात. आणि मजकूर सबस्ट्रिंगने कापू नका. काना-मात्रा स्वतंत्र कोड असतात, त्यामुळे जोडाक्षर मध्येच तुटून हलन्त लटकतो. तीन टिंबांचे काम टेक्स्ट विजेटवर सोडा. फ्लटरमध्ये कापावेच लागले तर कॅरेक्टर्स पॅकेज वापरून बघा.

कीबोर्ड उघडला की खालून ओव्हरफ्लो होतो.

फ्लटरचा स्कॅफोल्ड, म्हणजे स्क्रीनचा सांगाडा, कीबोर्डएवढी जागा सोडून आतला भाग आक्रसवतो. रिसाइझ-टू-अव्हॉइड-बॉटम-इनसेट फॉल्स केले की एरर जातो, पण टाइप करायची चौकट कीबोर्डखाली गडप होते. फॉर्म स्क्रोलमध्ये ठेवा. रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या कीबोर्ड-अव्हॉइडिंग-व्ह्यूला आयओएसवर बिहेवियर पॅडिंग लागते, आणि वर हेडर असेल तर त्याची उंची व्हर्टिकल-ऑफसेटमध्ये द्यावी लागते. ती विसरली की नेमकी हेडरएवढी जागा कमी पडते.

टार्गेट एसडीके ३५ केल्यावर वरचा मजकूर स्टेटस बारखाली गेला.

अँड्रॉइड १५ पासून, एसडीके ३५ ला टार्गेट केलेले अ‍ॅप काठापासून काठापर्यंत, स्टेटस बारच्या मागेही, आखले जाते. फ्लटरमध्ये सेफएरिया वापरा. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा स्वतःचा सेफएरियाव्ह्यू फक्त आयओएससाठी आहे; सेफ-एरिया-कॉन्टेक्स्ट पॅकेज घ्या, आणि नेव्हिगेशनचा हेडर असेल तर वरचा इनसेट (काठाला सोडायची जागा) पुन्हा लावू नका, दुप्पट फट पडते. कंपोझमध्ये स्कॅफोल्ड जे इनर-पॅडिंग देतो ते आतल्या भागाला लावायचे राहून जाते, तेवढे तपासा.

बटण दिसते, पण दाबले जात नाही.

पॅरेंटच्या बाहेर लोंबणारे आहे का बघा. फ्लटरमध्ये स्टॅकची क्लिप काढून पोझिशन्ड बटण बाहेर काढले तर ते दिसते, पण स्टॅकच्या मापाबाहेरचा स्पर्श त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. स्टॅक मोठा करा. दुसरे कारण, वर पसरलेले पारदर्शक विजेट. फ्लटरमध्ये त्याला इग्नोर-पॉइंटर, रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये पॉइंटर-इव्हेंट्स. अँड्रॉइडवर एलेव्हेशन असलेला व्ह्यू नंतर लिहिलेल्या भावंडाच्याही वर येतो, हेही लक्षात ठेवा.

किती पातळ्या खोल नेस्टिंग चालते?

फ्लटर आणि कंपोझमध्ये खोली हा स्वतःहून दोष नाही. वाचणाऱ्याला कंस जुळवावे लागत असतील तर तुकडे स्वतंत्र विजेट म्हणून काढा. विजेट परत करणाऱ्या मेथडपेक्षा स्वतंत्र क्लास बरा, कारण त्याचे रीबिल्ड वेगळे ठेवता येते. जुन्या एक्सएमएलमध्ये मात्र खोली महाग पडते. वेट (जागेचा वाटा) दिलेला लिनिअरलेआउट चाइल्डला दोनदा मोजतो, आणि असे एकात एक ठेवले की मोजण्या दुप्पट-चौपट होत जातात. अँड्रॉइड लिंट (कोड तपासणारे साधन) दहा पातळ्यांपुढे इशारा देतो. तिथे कन्स्ट्रेंटलेआउट घ्या आणि प्रत्येक व्ह्यूला आडवा व उभा दोन्ही बंध द्या. नाहीतर चालवल्यावर तो डाव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

इम्युलेटरवर ठीक, लोकांच्या फोनवर तुटते. तपासायचे काय?

कळमन्यातला अडत्या नवा फोन आणि बारीक अक्षरे घेऊन बसलेला नसतो. फोन ७२० पिक्सेल रुंदीचा, फॉन्ट सर्वांत मोठा आणि भाषा मराठी, असे धरून चाला. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये स्मॉलेस्ट विड्थ ३२० करा, डिस्प्लेमध्ये फॉन्ट साइझ शेवटपर्यंत न्या. अँड्रॉइड १४ पासून तो २०० टक्क्यांपर्यंत जातो. मग यादीत मुद्दाम सर्वांत लांब नाव, शून्य नोंदी आणि पाचशे नोंदी घालून बघा. डेव्हलपर ऑप्शन्समध्येच शो लेआउट बाउंड्स सुरू केले की अँड्रॉइडच्या व्ह्यूंचे डबे रेषांनी दिसतात. फ्लटर आपली स्क्रीन स्वतः रंगवतो, त्यामुळे त्याचे डबे त्यात दिसत नाहीत. त्याला डीबग-पेंट-साइझ-एनेबल्ड किंवा डेव्हटूल्सचा इन्स्पेक्टर लागतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये डेव्ह मेनूतला एलिमेंट इन्स्पेक्टर.

इतके करूनही सुटले नाही. मदत मागताना काय पाठवू?

पहिला एरर पूर्ण, मजकूर म्हणून, स्क्रीनशॉट नको. तुटणाऱ्या विजेटपासून स्कॅफोल्डपर्यंतची पॅरेंटची साखळी, क्रमाने. फ्रेमवर्कची आवृत्ती, फोनची रुंदी डीपीमध्ये आणि फॉन्ट स्केल. मग आतले एकेक विजेट काढून त्याजागी रंगीत साइझ्डबॉक्स ठेवत जा. एरर ज्या पायरीला नाहीसा होतो, ती पायरीही लिहा.